तो निळा घोडा कसला?

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी एक घोडा उभा आहे. कागदाच्या लगद्याचा, हातभर उंच, निळा. एक कान तुटलाय, शेपटीच्या जागी सुतळी. आलेला माणूस पाण्याचा पेला हातात घेतो, भिंती न्याहाळतो आणि ठरल्यासारखं विचारतो, "हा घोडा निळा का हो?" गॅसवाल्याने विचारलं, भिशीच्या बायकांनी विचारलं, नव्या भाचेसुनेने तर चपला काढता काढता विचारलं. कुणी उचलून बघतं. मग पोटात काहीतरी खुळखुळतं आणि दुसरा प्रश्न येतो.

इतकी वर्षं "हॉस्पिटलातली आठवण" एवढं पुटपुटून मी चहा टाकायला उठत आले. पण तुम्ही विचारलंत आणि वर चहा नको म्हणालात. तेव्हा आता सांगणं आलं.

२८ वर्षं मी एका सरकारी मनोरुग्णालयात होते. हुद्दा समाजसेवा अधीक्षक. ऐकायला भारदस्त. काम म्हणजे रुग्णांच्या घरी पत्रं धाडायची, उत्तर आलं नाही की पुन्हा धाडायची, आणि 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आलेली पाकिटं फायलीला लावायची. "याला ठाण्याला पाठवा", "त्याच्यासाठी येरवड्यात खाट बघा" असले विनोद आपल्याकडे चालतात ना, तसल्याच एका ठिकाणी.

नव्वदच्या दशकात आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जेवणानंतरचं सत्र, खोलीत अंधार, स्लाइड प्रोजेक्टरची घरघर. निम्मे लोक पेंगत होते, मीही. आणि पडद्यावर हा घोडा आला. म्हणजे हा नव्हे, याचा बाप. चाकांवर उभा, चारेक मीटर उंच, निळाशार, भोवती माणसांची गर्दी. वक्ते म्हणाले, "१९७३ साली इटलीतल्या त्रिएस्ते शहरात वेड्यांच्या इस्पितळातून हा बाहेर काढला. दारातून मावेना, म्हणून दार फोडलं. लोखंडी बाक उचलून धडका देणाऱ्यांत खुद्द इस्पितळाचे संचालक होते."

माझी झोप उडाली. आमच्याकडे खिडकीची एक काच फुटली तर कुणी फोडली त्याचा लेखी खुलासा, डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे सरकारी सामानाच्या वहीत, नोंद, मग निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून वजा करण्याचा, प्रस्ताव, तो मंजूर होईपर्यंत पावसाळा संपलेला. आणि हा गृहस्थ आपल्याच इस्पितळाचं दार फोडतो!

त्यांचं नाव फ्रांको बाझालिया. आम्ही कैक वर्षं 'बसाग्लिया' म्हणत होतो, कुणी चूक काढणारंही नव्हतं.

माणूस व्हेनिसचा. जन्म १९२४ चा, खात्यापित्या घरातला. वैद्यकीचा विद्यार्थी असताना फॅसिस्टांविरुद्धच्या चळवळीत पडला, पकडला गेला आणि महायुद्ध संपेपर्यंत तुरुंगात राहिला. पुढे पादुआ विद्यापीठात मानसोपचार शिकवू लागला, पण ओढा हुस्सर्ल, सार्त्र या तत्त्वज्ञांच्या पुस्तकांकडे. त्याचे प्राध्यापक त्याला 'फिलॉसॉफर' म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. विद्यापीठात आपली डाळ शिजणार नाही हे दिसल्यावर १९६१ मध्ये तो गोरीत्सियाच्या इस्पितळाचा संचालक होऊन गेला. गोरीत्सिया म्हणजे पार युगोस्लाव्हियाच्या सरहद्दीवरचं गाव. इस्पितळाची हद्द आणि देशाची हद्द एकच. विद्वान माणसाला आडबाजूला टाकायची रीत सगळीकडे सारखीच.

तिथे पाऊल टाकताच त्याला वास आला. हे त्यानेच नंतर सांगितलंय. विद्यार्थीदशेत तुरुंगात शिरला तेव्हा कोठड्यांमधली मलपात्रं रिकामी करण्याची वेळ होती. तो वास डोक्यात बसलेला. इस्पितळात तशी घाण समोर काही नव्हती, तरी तोच वास आला. मला हे वाचताना आमच्या वॉर्डातला फिनेलचा वास आठवला. फिनेल कशावर टाकतात ते फिनेल मारणाऱ्यालाच माहीत असतं.

त्या वेळी इटलीत १९०४ चा कायदा चालू होता. स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेला, किंवा चारचौघांत शोभा करणारा माणूस उचलून आत टाकायचा. नुसतं एवढंच नाही, त्याचं नाव न्यायखात्याच्या दप्तरी चढायचं, गुन्हेगारांची चढतात तिथेच. आत खाटांना बांधलेली माणसं, सळ्या, कुलपं.

रुजू झाल्यावर मुख्य परिचारक एक रजिस्टर घेऊन आला. रात्री कुणाकुणाला बांधून ठेवलं त्याची यादी. खाली संचालकाची सही लागायची. बाझालियाने यादी बघितली आणि आपल्या व्हेनिसच्या बोलीत म्हणाला, "मी नाही सही करत."

आता हे ऐकायला सोपं वाटतं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला विचारा. समोर रजिस्टर उघडलेलं असतं, आणणारा उभा असतो, त्याचं बोट रकान्यावर असतं. आपण वाचतसुद्धा नाही. आमच्याकडे दरवर्षी प्रत्येक जुन्या रुग्णाचा सामाजिक अहवाल लागायचा. 'रुग्णाचे नातेवाईक स्वीकारण्यास तयार नाहीत, सबब रुग्णालयात ठेवणे योग्य.' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. आक्का नावाने सगळे जिला हाक मारायचे त्या बाईसाठी अकरा वेळा लिहिलं, ते मात्र मोजलंय. अकरा सह्या, शेवटी शेवटी तर कार्बन लावून.

म्हणून सांगते, बाझालियाच्या तत्त्वज्ञानाबद्दल लोक पुष्कळ बोलतात, मला त्याच्या त्या न केलेल्या सहीचंच अप्रूप आहे.

त्यानंतर त्याने एकेक वॉर्ड उघडायला घेतला. बांधणं बंद, पांढरे कोट बंद. रोज सकाळी सभा. डॉक्टर, परिचारक, रुग्ण सगळे खुर्च्या टाकून बसायचे. कुणी भांडायचं, कुणी गप्प बसायचं, कुणी उठून जायचं. सिगारेटीच्या वाटपापासून सहलीपर्यंत सगळं तिथे. ही सभेची कल्पना त्याने स्कॉटलंडमधले मानसोपचारतज्ज्ञ मॅक्सवेल जोन्स यांच्याकडून उचलली, आणि ते तो लपवत नसे.

त्याचं म्हणणं असं, की आजार काही काळ कंसात ठेवा. आजार नाहीच असं तो म्हणत नव्हता. त्याच्यावर हा आळ कायम आला आणि त्याला त्याचा राग यायचा. त्याचा प्रश्न वेगळा होता. वीस वर्षं कोंडलेला माणूस तुमच्यासमोर मान खाली घालून, पाय फरपटत येतो. यातला आजार किती आणि आपण किती? आजाराचं नाव बाजूला ठेवल्याशिवाय हे कळायचं कसं? १९६८ मध्ये सेर्जिओ झावोली या पत्रकाराने टीव्हीसाठी त्याची मुलाखत घेतली. विचारलं, तुम्हाला रुग्णात जास्त रस आहे की रोगात? बाझालिया म्हणाला, रुग्णात, अर्थातच.

तो एक गोष्ट सांगायचा, पूर्वेकडची म्हणून. एक माणूस उघड्या तोंडाने झोपला होता. साप तोंडातून पोटात शिरला आणि तिथेच राहिला. त्या दिवसापासून साप सांगेल तसं माणसाने वागायचं. उठ म्हटलं की उठायचं, खा म्हटलं की खायचं. एके दिवशी साप निघून गेला. माणूस मोकळा झाला, आणि आता काय करायचं हेच त्याला कळेना. इच्छा म्हणून जी काही असते ती सापाबरोबर गेली होती.

ही गोष्ट वाचली त्या आठवड्यात मी आक्काकडे नीट बघितलं. वारणेकाठच्या कुठल्याशा गावची. वयाच्या तिशीत आली होती, तेव्हा खरोखरच फार आजारी होती. गोळ्यांनी दोनेक वर्षांत बरी झाली. पुढची सतरा वर्षं ती होती, कारण भावाने सांगितलं होतं, "मॅडम, ठेवून घ्या, घरात लग्नाच्या मुली हायेत." घंटा झाली की आक्का रांगेत उभी राहायची. घंटा चुकून आधी झाली तरी. आंघोळ झाली की झग्याची नाडी सिस्टरनी बांधायची म्हणून थांबून राहायची, आणि बोटं तर छान चालायची, भाजी निवडताना मेथीची पानं पटापट खुडायची. त्या भाजी निवडण्याचा मोबदला म्हणजे दोन बिड्या. आक्का बिडी ओढत नव्हती. तरी हात पुढे करायची आणि घेऊन कुणाला तरी देऊन टाकायची.

गोरीत्सियाच्या लोकांना असंच दिसलं होतं, की रुग्णाकडे स्वतःची म्हणून वस्तूच नसते. ठेवायला जागाही नसते. मला काही दार फोडायचं धाडस नव्हतं. मी आपली स्टोअरमधून पत्र्याचे डबे मागवले. पंचवीस बायका, पंचवीस डबे, पंचवीस छोटी कुलपं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "आत ब्लेड ठेवली म्हणजे? मेमो कुणाला?" त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी एक किल्ली रुग्णाकडे, दुसरी सिस्टरांच्या खणात, अशी तडजोड झाली. तीही सहीनेच.

आक्काने किल्ली झग्याच्या नाडीत ओवली. महिनाभर रोज सकाळी डब्याचं कुलूप ओढून बघायची. एकदा मी म्हटलं, आक्का, काय ठेवलंत, दाखवा तरी. तिने उघडून दाखवलं. डबा रिकामा होता. मी म्हटलं, मग कुलूप कशाला? तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच तिथली रुग्ण. म्हणाली, "माझा हाय म्हून."

नंतर त्यात अर्धं बिस्किट आलं, दात पडलेला कंगवा आला, कुंकवाची रिकामी डबी आली. नाडी ती स्वतः बांधायला कधी लागली ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

असो. बाझालियाकडे येते, नाहीतर घोडा राहूनच जाईल.

गोरीत्सियाच्या प्रयोगावर त्याने आणि सहकाऱ्यांनी लिहिलेलं पुस्तक १९६८ मध्ये आलं आणि तरुण मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. त्याची बायको फ्रांका ओंगारो त्याच्याबरोबर लिहायची. पुष्कळसं लेखन दोघांचं, कीर्ती बहुतेक एकट्याची. हेही आपल्या ओळखीचंच. त्याच साली सुट्टीवर घरी गेलेल्या एका रुग्णाने कुऱ्हाडीने बायकोला मारलं. बाझालियावर खटला झाला. तो निर्दोष सुटला, पण बाईचा जीव गेला तो गेलाच. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्याच्या भक्तांच्या बोलण्यात हा भाग पटकन उरकला जातो.

१९७१ मध्ये तो त्रिएस्तेला आला. सान जोव्हान्नी नावाचं टेकडीवरचं इस्पितळ, बाराशेच्या आसपास रुग्ण. प्रांताचा अध्यक्ष मिकेले झानेत्ती दुसऱ्या विचारांचा, ख्रिस्ती लोकशाही पक्षाचा, पण त्याने याला हवी तशी मोकळीक दिली. आमच्या भाजीच्या बिड्यांसारखीच तिथे झाडलोट, धुणं ही कामं 'उपचार' म्हणून रुग्णांकडून फुकटात व्हायची. त्यांची सहकारी संस्था निघाली, करार झाले, पगार सुरू झाला. सहकार म्हटल्यावर आपल्याला साखर कारखाना आठवतो. मला ही संस्था आठवते. ज्यांना बरं वाटलं पण जायला घर नाही अशांसाठी बाझालियाने 'पाहुणा' हा नवा दर्जा काढला. रुग्ण म्हणून नाव कमी, पण राहायला खोली आहे, येण्याजाण्याला मुभा. हा शब्द मला वीस वर्षं आधी कळला असता तर निदान त्या अहवालात 'सबब'च्या पुढे काहीतरी वेगळं लिहायचा प्रयत्न केला असता. मंजूर झालं नसतं, ते सोडा.

तर घोडा. तिथे मार्को नावाचा एक खराखुरा घोडा होता. वर्षानुवर्षं कपड्यांची गाडी ओढायचा. म्हातारा झाला तेव्हा त्याला खाटकाकडे द्यायचं ठरलं. रुग्णांनी घोड्याच्या नावाने झानेत्तीला अर्ज लिहिला: मी इतकी वर्षं चाकरी केली, मला आता इथेच राहू द्या. अर्ज मंजूर झाला. ज्यांना स्वतःची सुटका मागायची सोय नव्हती त्यांनी घोड्याची मागितली, आणि मिळाली.

पुढच्या वर्षी रिकाम्या झालेल्या एका वॉर्डात चित्रकार, नाटकवाले जमले. बाझालियाचा चुलतभाऊ वित्तोरिओ शिल्पकार होता, जुलियानो स्काबिया नाटककार. रुग्णांनी सांगितलं, मार्कोचाच पुतळा करा. लाकूड, कागदाचा लगदा. निळा रंगही त्यांचाच ठराव. पोट पोकळ, त्यात सगळ्यांच्या इच्छा भरायच्या. आणि तयार झाल्यावर लक्षात आलं, की घोडा दारापेक्षा मोठा झालाय. पुढचं तुम्हाला सांगितलंच. दार फुटलं, आणि रुग्ण, परिचारक, डॉक्टर घोड्यामागून गावात उतरले.

१९७७ च्या जानेवारीत बाझालियाने सान जोव्हान्नी बंद करणार म्हणून जाहीर केलं, आणि १३ मे १९७८ ला इटलीच्या संसदेत १८० क्रमांकाचा कायदा झाला. वेळ बघा. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा मृतदेह रोममध्ये सापडून चार दिवस झाले होते, देश हादरलेला. जुन्या कायद्यावर सार्वमत येऊ घातलं होतं, ते टाळायला सगळ्या पक्षांनी घाईघाईने हा कायदा करून घेतला. नवी मनोरुग्णालयं बांधायची नाहीत, जुन्यांत नवी भरती नाही. मर्जीविरुद्ध उपचार करायचेच तर साध्या रुग्णालयात, जास्तीत जास्त पंधरा खाटांच्या कक्षात, महापौराच्या हुकमाने, सात दिवसांपुरते, मग पुन्हा विचार. लोक याला 'बाझालियाचा कायदा' म्हणतात. लिहिला दुसऱ्याने, आणि बाझालिया स्वतः त्यावर पुरता खूश नव्हता. दोन वर्षांनी, १९८० च्या ऑगस्टमध्ये, मेंदूतल्या गाठीने तो गेला. वय छप्पन्न.

इथपर्यंत आलं की पाहुणे हमखास म्हणतात, "बोलायला ठीक आहे हो, पण घरी बघणार कोण?"

बरोबर विचारतात. तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. कायदा एका रात्रीत झाला, पण बाहेरची व्यवस्था कुठे दहा वर्षांनी उभी राहिली, कुठे वीस. मधल्या काळात आयांनी सोसलं, बहिणींनी सोसलं. त्रिएस्तेत दिवसरात्र उघडी केंद्रं होती, घरी येणारी माणसं होती, म्हणून निभावलं. दार उघडायला एक डॉक्टर पुरतो, बाहेरच्या व्यवस्थेला सरकारचा पैसा लागतो. आक्काच्या भावाला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. पण दोन एकर कोरडवाहू, तीन मुली, आणि महिन्याच्या गोळ्यांसाठी तालुक्याला खेप. त्याच्या जागी मी काय केलं असतं, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असंही नाही बरं का. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकातच रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं होतं. घरचं माणूस शेजारी असलं की रुग्ण निवतो, आणि घरच्यांचीही भीती जाते, एवढा साधा हिशोब. त्यांचा पुतळा कुणी निळा केला नाही, म्हणून आपल्याला माहीत नाहीत. आणि त्याच देशात २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं आगीत जळून गेली. पळता आलं नाही. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. साखळी बंद. घर नाही किंवा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ते कलम वाचलं आणि माझ्या अकरा सह्या डोळ्यांपुढे आल्या, निळ्या शाईतल्या.

आता आमचा घोडा. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी व्यवसायोपचार विभागात बायकांना मी मार्कोची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, आपणही करू. जुने पेपर भिजवले, खळ शिजवली, बांबूच्या कामट्या बांधल्या. रंगावरून भांडण झालं. बहुमत पांढऱ्याला होतं, एकीला लालच हवा होता. स्टोअरमध्ये मात्र खिडक्या रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट तेवढा होता. तेव्हा "घोडा निळा का" याचं खरं उत्तर हे, बाकीचं सगळं इटलीचं.

पोटाला एक फट ठेवली. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी वाचल्या नाहीत. आक्काला लिहिता येत नव्हतं. तिने विचारलं, "कागूदच टाकाया पायजे काय?" मी म्हटलं, तसं काही नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, आक्काच्या डब्याचं कुलूप उघडंच लोंबतंय, आणि ती बंद करत नाही.

निवृत्तीच्या दिवशी घोडा कुठे ठेवायचा याचा प्रश्न आला. डेडस्टॉक रजिस्टरात त्याची नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणून ठेवताही येईना, आणि नोंद नाही म्हणून निर्लेखित करून फेकताही येईना. स्टोअरकीपर म्हणाले, "मॅडम, हा घोडा नाहीच आहे." मग मी नसलेला घोडा रिक्षात घालून घरी आणला. कुठेही सही न करता.

आक्का आता वॉर्डात नाही. नवा कायदा आल्यावर एका संस्थेने भाड्याचं घर घेतलं, तिथे सहाजणी राहतात. दाराला आतून कडी आहे. मागच्या दिवाळीत फराळ घेऊन गेले होते. चकली तिला चावत नाही, तिने ती चहात बुडवून खाल्ली. निघताना म्हणाली, "घोडा बरा हाय न्हवं?" मी म्हटलं, नातवंडाने कान तोडला.

तिने थोडा विचार केला. "कान गेला तर जाऊ द्या, बाई. प्वाट तेवढं फोडू नगासा."